उमेदवारावरची कलमं सापडतात, त्याने मंजूर केलेली शोधावी लागतात

उमेदवारावर कोणते गुन्हे दाखल आहेत हे बघायचं असेल तर निवडणूक आयोगाचं केवायसी ॲप (बँकेचं नव्हे; इथे 'नो युवर कँडिडेट', म्हणजे आपला उमेदवार ओळखा) उत्तम आहे. पण त्याच माणसाने सभागृहात बसून तुमच्याआमच्यासाठी कोणती कलमं मंजूर केली हे बघायचं असेल, तर एका जागी काही मिळत नाही, दोनतीन ठिकाणी खणावं लागतं. मी ओरोसच्या कोर्टात बेंच क्लार्क होतो, आता निवृत्त होऊन कुडाळला असतो. त्यामुळे निवडणूक आली की हे खणकाम वाडीतले माझ्याच गळ्यात घालतात. "भाऊनू, ह्येची जरा कुंडली काढून देवा." गेल्या लोकसभेला आमच्याकडे 7 मे 2024 ला मतदान होतं, म्हणजे ऐन आंब्यात. पेट्या भरता भरता लोक विचारत होते.

आधी ॲप. 2022 पासून आहे, फुकट आहे. उमेदवाराने अर्जाबरोबर दिलेलं नमुना 26 चं प्रतिज्ञापत्र त्यात उघडतं. हा कागद आपल्याला दिसतो तो सुप्रीम कोर्टाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे, कुणा पक्षाच्या मेहेरबानीने नव्हे. वाचताना नुसता गुन्ह्यांचा आकडा बघू नका, कलम बघा. जुन्या दंडसंहितेची 143, 341, 188 दिसली की बहुतेक वेळा मोर्चा नाहीतर रास्ता रोको. 353 म्हणजे सरकारी नोकराच्या कामात बळाने अडथळा. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना दंडसंहितेच्या जागी आलेली न्याय संहिता लागू, तिथे हीच प्रकरणं 189, 126, 223 आणि 132 या आकड्यांखाली येतात. असे दहा गुन्हे असलेला माणूस एखादवेळी नुसता आंदोलक असतो, आणि एकच गुन्हा असलेल्याचा तो एक गुन्हा फसवणुकीचा असतो. ॲपला चार तारे.

पण लोकांचा प्रश्न वेगळाच असतो. भाषणात प्रत्येक जण "मोक्का लावू", "फाशी देऊ" म्हणतो, मग सभागृहात हा काय करत होता? प्रश्न पोकळ नाही. 1999 च्या मोक्क्यात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, आरोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवता येते, पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुराव्यात धरता येतो, आणि जामीन द्यायचा तर आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे याची आधी कोर्टाची खात्री व्हावी लागते. साध्या मारामारीतला जामीन आणि असा जामीन यांत आरोपीच्या आयुष्यातली वर्षं जातात. तेव्हा कायद्याच्या बाजूने कोण, विरोधात कोण, हे मतदाराला कळलंच पाहिजे.

यासाठी सगळे पीआरएस या दिल्लीच्या संस्थेचं संकेतस्थळ सुचवतात. मीही सुचवतो, पण अर्ध्या कामासाठी. खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चेतला भाग, खासगी विधेयकं असं सगळं तिथे एका पानावर मिळतं. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या हजेरीचा रकाना रिकामा दिसतो. तो दांडीचा पुरावा समजून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. विधेयकांचे सारांश तर इतके सरळ असतात की आमच्या काही वकिलांनी धडा घ्यावा. खासदाराच्या पानावर त्याने विधेयकाला दिलेलं मत मात्र नाही. तीन तारे.

त्यात दोष संस्थेचा नाही. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि आवाजाला नाव नसतं. न्याय संहिता आणि तिच्या दोन बहिणी (फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे नवे कायदे) लोकसभेत 20 डिसेंबर 2023 ला अशाच मंजूर झाल्या, तेही दोन्ही सभागृहांचे मिळून 146 सदस्य निलंबित झाले त्या अधिवेशनात. आणि नाव नोंदलं गेलं तरी 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते, म्हणजे मत पक्षाचंच. अमेरिकेत 1994 चा गुन्हेगारीविरोधी कायदा सिनेटमध्ये 61 विरुद्ध 38 ने मंजूर झाला. तिथे प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदलेलं, म्हणून बायडेन यांना 2020 च्या प्रचारातही त्याबद्दल उत्तर द्यावं लागलं. आपल्याकडे असा जाब विचारायला कागदच हाताशी नसतो.

कागद सापडतो तो मतविभागणी, म्हणजे मतं मोजून नोंदवणं, मागितली गेली तरच. त्यासाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय. 1952 पासूनच्या चर्चा तिथे आहेत, शोधायची खिडकी मात्र माणसाची परीक्षा बघते. नाव टाकण्याऐवजी तारीख टाका. यूएपीए या बेकायदा कारवायांविरोधी कायद्याची दुरुस्ती, म्हणजे संघटनेप्रमाणे एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करण्याची तरतूद: लोकसभा, 24 जुलै 2019, बाजूने 287, विरोधात 8. पोटा हा दहशतवादविरोधी कायदा: दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक, 26 मार्च 2002, 425 विरुद्ध 296. कायद्याला विरोध केल्याचं सांगणारा कुणी त्या वेळी लोकसभेत असेल, तर 2019 च्या त्या आठांत त्याचं नाव आहे का ते बघा. चार तारे, आणि ते त्या खिडकीला माफ करून.

त्याहून रसाळ जागा म्हणजे समित्यांचे अहवाल, आणि तिथे कुणी फिरकत नाही. तिन्ही संहितांवरच्या गृह खात्याच्या स्थायी समितीचे अहवाल नोव्हेंबर 2023 मध्ये आले. त्यांना विरोधी सदस्यांच्या भिन्नमतपत्रिका जोडलेल्या आहेत. समितीत व्हिप चालत नाही, आणि ही पत्रिका सदस्य स्वतःच्या सहीने देतो. माझ्या मते माणूस ओळखायला याहून चांगला दस्तऐवज नाही. पाच तारे.

आमदारांच्या बाबतीत परिस्थिती हलाखीची. महिला-बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये एकमताने मंजूर झालं, म्हणून श्रेय सगळेच घेतात. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, तो कायदा लागूच झाला नाही, हे कुणी सांगत नाही. कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक 10 जुलै 2025 ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. विरोध नोंदवला तो आपल्याच किनाऱ्याच्या वरच्या टोकाला, डहाणूच्या विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. हे मला वर्तमानपत्रातून कळलं. ते एका जागी, आमदाराच्या नावापुढे मिळायला हवं होतं.

छापून घेणार असाल तर चर्चेचं फक्त मतविभागणीचं पान घ्या. अख्खी चर्चा छापलीत तर झेरॉक्सवाला खूश होईल, आणि उमेदवार दारात येईल तेव्हा तुम्हाला हवं ते पान सापडायचं नाही.