अडॅप्टर गेला होता, विकला राउटर. आईबाबांना असं फसवलं

चिंचवडला आईबाबांच्या घरी वायफाय सारखं बंद-चालू व्हायला लागलं म्हणून बाबांनी लिफ्टमध्ये चिकटवलेल्या नंबरवरून एकाला बोलावलं. त्याने राउटर हातात घेतला न घेतला तोच "काका बोर्ड जळालाय, आता ५जी वालाच घ्या" म्हणून ३२०० रुपये घेतले, आणि जुना "भंगारात देतो" म्हणत घेऊनही गेला. बिल नाही, पैसे यूपीआयने पर्सनल नंबरवर.

मी घरी गेल्यावर बघते तर प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि लॅपटॉप केबलने जोडूनही स्पीड ९४ च्या वर जाईना, म्हणजे पोर्टच १०० चा. तो ज्याला "५जी" म्हणाला ते ५ गीगाहर्ट्झचं वायफाय तर कुठेच दिसेना. मग ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगचं पान, १९२.१६८.०.१, उघडलं, यूजर ॲडमिन, पासवर्ड पण ॲडमिन, लगेच आत! तिथे मॉडेल वेगळंच, खालच्या स्टिकरवर वेगळंच, मॅक ॲड्रेस (प्रत्येक राउटरचा स्वतःचा नंबर) पण जुळत नाही. सरळसरळ जुना सिंगल बँड (फक्त २.४ गीगाहर्ट्झवाला) राउटर, वर नवीन स्टिकर मारलेला. त्यात रिमोट मॅनेजमेंट (इंटरनेटवरून राउटरचं सेटिंग बदलायची सोय) चालू ठेवलेलं, म्हणजे बाहेरून कुणीही लॉगिन करून डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारं सेटिंग) बदलू शकला असता आणि बँकेच्या जागी खोटी साइट उघडू शकली असती. बाबा याच वायफायवर पेन्शनचे व्यवहार करतात हो, पैशांपेक्षा मला याचा जास्त संताप आलाय.

जुन्या राउटरचा अडॅप्टर तेवढा एक्स्टेंशन बोर्डाला तसाच राहिला होता, तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दाखवला. नुसता मोजला तर १२ व्होल्ट, लोड दिला की ७ वर! राउटर सारखा रिस्टार्ट का होत होता ते कळलं. दोनशे रुपयांचं काम होतं, आणि आमचा चांगला राउटर तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारणार.

तर तुमच्याकडे असं झालं तर आधी दुसरा अडॅप्टर लावून बघा, पण व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनही तीच. राउटर बदललाच तर माणूस जायच्या आधी आतलं मॉडेल आणि स्टिकर जुळवा, ॲडमिनचा पासवर्ड त्याच्यासमोर नको, तो गेल्यावर बदला, रिमोट मॅनेजमेंट बंद करा. जुना राउटर देऊ नका. पीपीपीओईचा (राउटरने इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करायचा) आयडी-पासवर्ड इंटरनेटवाल्याकडून मागून लिहून ठेवा, तो नसला की प्रत्येक वेळी कुणाला तरी बोलवावंच लागतं. आमच्याकडे त्याचा फोन आता लागत नाही, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही मॉडेल नंबरचे फोटो घेऊन १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार केलीये.