बहुपर्यायी चाचणी की तासाअखेरची चिठ्ठी?

शिकवलेलं मुलांपर्यंत पोचलं की नाही, हे घटक संपायच्या आत कळायला हवं, याबद्दल शिक्षकांमध्ये फारसं दुमत नसतं. प्रश्न असतो तो कसं कळून घ्यायचं याचा. संकलित परीक्षा, म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी, इथे बाजूला ठेवतो, कारण तिचा आराखडा आणि वेळापत्रक बहुतेकदा आपल्या हातात नसतं. रोजचं आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकवता शिकवता मुलांना किती कळलंय ते बघणं, मात्र पूर्णपणे आपलं असतं. त्यासाठी मी दोन पद्धती बराच काळ आलटून पालटून वापरल्या आहेत. एक, पाच-दहा प्रश्नांची बहुपर्यायी चाचणी. दुसरी, तास संपता संपता मुलांनी तीन-चार ओळी लिहून द्यायची चिठ्ठी. दोन्ही तुमच्या परिचयाच्या असतील, म्हणून त्या कशा घेतात हे सांगत बसत नाही. निवडताना काय अडतं तेवढंच सांगतो.

बहुपर्यायी चाचणीचं बळ तपासणीत आहे. १९१४-१५ च्या सुमारास अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक केली यांनी वाचनचाचणीसाठी हा प्रकार पुढे आणला, तेव्हा हेतूच तो होता: तपासणीचा वेळ वाचावा आणि तपासणारा बदलला म्हणून गुण बदलू नयेत. ही दोन्ही कामं ती आजही चोख करते. ऑनलाइन फॉर्मवर घेतली तर मुलं दप्तर भरत असतानाच निकाल समोर असतो, कोणत्या प्रश्नाला वर्ग अडला ते दिसतं, आणि ज्याचं अक्षर वाईट किंवा लिहिण्याचा वेग कमी, त्याच्यावर अन्याय होत नाही. व्याख्या, संज्ञा, सनावळ्या, सूत्रं असा पसरट भाग थोड्या वेळात चाचपायचा असेल तर मला तरी याहून सोयीचं काही सापडलेलं नाही.

तुक्क्याचा मुद्दा सगळेच काढतात, आणि तो खराही आहे. चार पर्यायांचे पाच प्रश्न असतील, तर काहीही न वाचता खुणा करणाऱ्याचे निदान दोन बरोबर येण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास निघते. पण प्रश्न वाढवले की हा दोष बराच आटोक्यात येतो. मला खटकलं ते वेगळंच.

दशांश अपूर्णांकांचा घटक चालू होता. ‘०.६ आणि ०.४५ यांतली मोठी संख्या कोणती?’ या प्रश्नाला जवळजवळ सगळा वर्ग बरोबर आला. निकाल पाहून पुढच्या उपघटकाकडे जायला हरकत नव्हती. पुढच्या तासाला तोच प्रश्न चिठ्ठीवर दिला, फक्त शेवटी ‘कशावरून?’ एवढं जोडलं. एका मुलाने लिहिलं, ‘०.६ म्हणजे ०.६०, आणि ६० शतांश ४५ शतांशांपेक्षा जास्त.’ त्याच्याच बाकावरच्या मुलीने लिहिलं, ‘०.६ मोठी, कारण टिंबानंतर आकडे जितके कमी तितकी संख्या मोठी.’ चाचणीत दोघांनाही पूर्ण गुण होते. या मुलीला ०.३ आणि ०.४५ दिले असते, तर तिने त्याच विश्वासाने ०.३ मोठी म्हटली असती. तिला काहीतरी समजलं होतं, दशांश शतांशापेक्षा मोठा असतो हे तिच्या मनात होतंच, पण त्यावरून तिने चुकीचा नियम बांधला होता. चाचणीने तो नियम बरोबर ठरवून तिच्याकडे परत पाठवला. आपला नियम चालतो, अशी तिची खात्रीच झाली असणार.

यावर कुणी म्हणेल, दोन्ही जोड्या चाचणीत घाला, म्हणजे चूक पकडली जाईल. बरोबर आहे, जाईल. पण तशी जोडी घालायला मुलं या ठिकाणी असा विचार करतात हे प्रश्न काढणाऱ्याला आधी माहीत असायला लागतं. पर्याय आपल्या डोक्यातून येतात, मुलांच्या नाही. आपल्याला न सुचलेली चूक त्या कागदावर उमटूच शकत नाही, आणि नेमकी तीच शोधायची असते. माझ्यापुरतं पारडं इथेच झुकलं.

विज्ञानातही हेच दिसतं. प्रकाशसंश्लेषणात वनस्पती कोणता वायू घेतात, याला बहुतेक मुलं कार्बन डायऑक्साइडवर खूण करतात. ‘बी एवढंसं असतं, मग मोठ्या झाडाच्या लाकडाचं वजन आलं कुठून?’ असं चिठ्ठीवर विचारा. आदल्याच दिवशी बरोबर खूण केलेली मुलंसुद्धा ‘मातीतून’ लिहितात. वायूचं नाव पाठ असतं, पण तो वायूच लाकडात बांधला जातो हे डोक्यात शिरलेलं नसतं.

आता चिठ्ठीची किंमत. ती वाचावी लागते, आणि मोठ्या वर्गाचा गठ्ठा हातात आला की पहिल्या आठवड्यातच उत्साह मावळतो, हे मान्य. मला जमलं ते असं: चिठ्ठीवर प्रश्न एकच ठेवायचा आणि गुण द्यायचेच नाहीत. वाचता वाचता तीन ढीग करायचे: कळलंय, अर्धवट कळलंय, भलतंच कळलंय. लाल पेन हातात घ्यायचंच नाही. एकेक वही तपासायला जो वेळ लागतो त्यापुढे हे काम फार हलकं जातं. तिसऱ्या ढिगातल्या दोन-तीन चिठ्ठ्या, नावं न सांगता, दुसऱ्या दिवशी फळ्यावर उतरवल्या की तासाची सुरुवात आपोआप होते. ‘हे कुठे अडतंय?’ एवढं विचारलं की वर्ग बोलायला लागतो.

गुण न देण्यामागे केवळ वेळेचा हिशेब नाही. संशोधक रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या मुलांत. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदा झालाच नाही. वर्गात हे रोज दिसतं: आकडा दिसला की मुलं आधी शेजाऱ्याचा आकडा बघतात, शेरा तसाच राहतो. बहुपर्यायी चाचणीतून आकडा वगळणं अवघड, कारण तिच्यातून बाहेर येतं तेच मुळी आकड्याच्या रूपात. चिठ्ठीला आकडा लावावाच लागत नाही.

चाचणीच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद असा की आठवण्याच्या सरावाने लक्षात राहतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एक उतारा फक्त पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४० टक्क्यांच्या जवळपास आठवलं, तर एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६० टक्क्यांच्या जवळपास. पण तिथलं आठवणं म्हणजे कोऱ्या कागदावर स्वतः लिहिणं होतं, चारांतून एक ओळखणं नव्हे. ओळखण्याच्या चाचणीचाही फायदा होतो हे नाकारत नाही. तरी कोरा कागद चिठ्ठीच्या जास्त जवळचा आहे, एवढं नोंदवतो.

ज्यांना शेकडो मुलं सांभाळायची आहेत, किंवा ज्यांच्या मुलांना पुढे बहुपर्यायी स्पर्धा परीक्षाच द्यायची आहे, त्यांनी चाचणीच धरावी. तिथे माझा आग्रह नाही. ज्या वर्गात बरीच मुलं शिकण्याच्या भाषेत अजून चाचपडत आहेत, तिथेही चिठ्ठी अपुरी पडते. त्यांना चित्र काढू द्यावं, किंवा जवळ बसवून तोंडी विचारावं. प्रकल्प आणि सादरीकरण यांचा मी इथे विचार केला नाही, कारण त्यांचा उपयोग उद्याचा तास ठरवायला होत नाही.

चाचणी मी सोडलेली नाही, फक्त तिचा क्रम बदलला आहे. आधी घटकभर चिठ्ठ्या, मग शेवटी चाचणी, आणि तिचे चुकीचे पर्याय चिठ्ठ्यांतून उचललेले, शक्यतो मुलांच्याच शब्दांत. असे पर्याय खरोखर मोहात पाडतात, आणि कोण कोणत्या मोहात पडलं हेही कळतं. चार पर्याय जुळवण्याचा हट्टही धरू नका. चाचण्यांचे अभ्यासक मायकेल रॉड्रिग्ज यांनी ८० वर्षांचं संशोधन तपासून २००५ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की तीन पर्याय पुरतात. चौथा बहुधा भरतीचाच असतो.

सुरुवात करणार असाल तर एकाच वर्गावर, ज्या घटकात मुलं दरवर्षी घसरतात त्या घटकापासून करा. प्रश्न तासाआधीच वहीत लिहून ठेवा, नाहीतर शेवटच्या घाईत ‘आज काय शिकलात?’ असं मोघम विचारलं जातं आणि उत्तरं फळ्यावरून उतरवलेली येतात. घंटेच्या पाच मिनिटं आधी फळा पुसा, मग कागद वाटा.