कोकण रेल्वेची रो-रो: भरल्या ट्रकसाठी घ्यावी, रिकाम्यासाठी विचार करावा

रायगडमधल्या कोलाडला भरलेला ट्रक चालवत रेल्वेच्या वाघिणीवर (सपाट, उघड्या मालडब्यावर) चढवायचा आणि गोव्यातल्या वेर्ण्याला तसाच उतरवायचा, ही कोकण रेल्वेची रो-रो (रोल-ऑन, रोल-ऑफ) सेवा 26 जानेवारी 1999 पासून चालू आहे. पुढे ती कर्नाटकातल्या सुरतकलपर्यंत गेली. गोव्याकडे जड माल नेणाऱ्यांनी ती जरूर वापरावी. मात्र कुठला ट्रक चढवायचा, हे आधी वजनावरून ठरवावं.

तीन अॅक्सलचा 28.5 टनी ट्रक घ्या. त्यातले दहाएक टन ट्रकचेच, माल साधारण साडेअठरा टन. शिवाय खालची वाघीण वीस टनांच्या वर. म्हणजे मालापेक्षा मालाखालचं लोखंडच जास्त! तरीही रेल्वे परवडते, कारण रुळावर चाकाला विरोध फार कमी आणि या मार्गाचा चढ 150 मीटरला 1 मीटर एवढाच ठेवलेला आहे. भोस्ते, परशुरामसारख्या घाटांत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर जळणारं डिझेल इथे वाचतं. रस्त्याने लिटरला चार किलोमीटर धरले तर कोलाड-वेर्ण्याच्या साधारण चारशे किलोमीटरला शंभर लिटर लागतं. लिटरमागे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका खेपेला 268 किलो. ते सगळंच वाचतं असं नाही. 2022 मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, पण वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे. रिकामा ट्रक रस्त्यावर डिझेल कमी खातो, वाघिणीचं वजन मात्र तेवढंच राहतं. म्हणून परतीचा माल ठरवूनच परतीची जागा धरावी.

चढवताना खरी अडचण उंचीची. डोक्यावर 25 हजार व्होल्टची तार असते. काट्यावर वजन आणि पट्टीखाली उंची तपासूनच ट्रक रॅम्पवर जातो. ताडपत्री घट्ट आवळा, सैल टोक वाऱ्याने वर उडतं. हॅन्डब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावले का ते स्वतः बघा. ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्येच बसतात. ट्रकच्या टपावर कुणीही, कशासाठीही चढायचं नाही.

वेळेच्या बाबतीत ही सेवा रस्त्याइतकी लवचीक नाही. ट्रक एकामागोमाग चढतात, त्यामुळे पुढचा अडला की मागचे सगळे थांबतात. रोहा-वीर दुहेरी मार्ग संपला की पुढे बहुतांश एकेरी, तिथे क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणारी गाडी जाऊ देण्यासाठी, थांबावं लागतं. पावसाळ्यात वेगही कमी ठेवतात. भाजी, मासळीसारख्या नाशवंत मालाला तेव्हा जास्तीची वेळ धरून चला.

कारखान्याचा नियमित माल असेल तर सरळ कंटेनर रेल्वेने पाठवावा; म्हणजे ट्रकचं दहा टन वजन उगाच ओढावं लागत नाही. 2030 पर्यंत मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा 45 टक्क्यांवर नेण्याचं राष्ट्रीय रेल्वे आराखड्याचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी छोट्या मालकाला ट्रकसकट चढता आलंच पाहिजे, कारण कंटेनर भरण्याइतका माल त्याच्याकडे एका वेळी नसतो. भाडं ठरवताना रेल्वेने भरल्या आणि रिकाम्या ट्रकच्या दरात ठळक फरक ठेवावा, आणि गाडी सुटण्याची वेळ आदल्या दिवशी पक्की कळवावी.