पेडलची घरघर: बॅटरी, आरसी फिल्टर की नवा सप्लाय?

गिटारचा आवाज बदलणाऱ्या इफेक्ट पेडलचं सर्किट जोडून झालं, आवाजही हवा तसा येतोय, पण तारांवर हात ठेवला की मागे घर्र चालूच. अशा वेळी आपण थेट नवा अडॅप्टर घेऊन मोकळे होतो. मीही झालो. घरघर जरा कमी झाली, गेली नाही. खरी गडबड पेडलच्या आतच होती. ऑप-अँपला (सिग्नल वाढवणाऱ्या चिपला) अर्धा व्होल्टेज देणाऱ्या दोन रेझिस्टरांच्या मधल्या बिंदूवरचा कपॅसिटर ड्राय सोल्डर झाला होता, म्हणजे त्याचा टाका नीट धरलाच नव्हता, त्यामुळे सप्लायमधला निम्मा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) सरळ इनपुटवर चढत होता. सोल्डरिंग गन एकदा टेकवली आणि काम झालं.

म्हणून पहिला पर्याय बॅटरी, तीही तपासणीपुरती. ९ व्होल्टची बॅटरी लावल्यावर घरघर गेली तर ती सप्लायच्या वाटेने येतेय. नाही गेली तर गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आता थांबली तर पिकअप (तारांची कंपनं टिपणारी कॉइल) किंवा गिटारचं वायरिंग बघा. कायमची सोय म्हणून बॅटरी फझला (आवाज फाडून खरखरीत करणाऱ्या पेडलला) शोभते, कारण तो एखाद-दोन मिलिअँपियरवर भागवतो. पीटी२३९९ चिपचा डिले (प्रतिध्वनी देणारा पेडल) वीस-तीस मिलिअँपियर ओढतो, तो वीसेक तासांत बॅटरी झोपवेल.

पैसे काढण्याआधी कानही वापरा. ५० हर्ट्झच्या विजेवर ब्रिज रेक्टिफायरनंतरचा (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांनंतरचा) रिपल १०० हर्ट्झचा असतो. गिटारच्या सहाव्या तारेचा तिसरा पडदा ९८ हर्ट्झ देतो. घरघर त्या सुराला लागत असेल तर रिपल; एक सप्तक खाली जाडसर गुणगुण असेल तर ग्राउंड लूप (ग्राउंडच्या तारांचं बंद कडं, त्याबद्दल शेवटी) किंवा कमी पडलेलं शील्डिंग. ६० हर्ट्झची वीज असेल तर पाचव्या तारेचा दुसरा पडदा धरा.

रिपल निघाला तर माझी पसंती पेडलच्या आतल्या आरसी फिल्टरला, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरच्या गाळणीला. प्लसच्या वाटेवर १०० ओहम आणि त्यानंतर ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड, एवढ्यावर १०० हर्ट्झचा रिपल साधारण सहापट उतरतो. दोन नग, दहा मिनिटं. मात्र दर १० मिलिअँपियरमागे १ व्होल्ट खर्ची पडतो. ३० मिलिअँपियरच्या डिलेला ६ व्होल्टच उरतात आणि त्याच्या आतल्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला ते पुरत नाहीत. तिथे २२ ओहम आणि ४७० मायक्रोफॅरड लावा: गाळणं जवळपास तेवढंच, तूट पाऊण व्होल्टच्या आत.

ट्रान्सफॉर्मर आणि ७८०९चा (९ व्होल्ट स्थिर देणाऱ्या रेग्युलेटर चिपचा) लिनियर सप्लाय रिपल शेकडो पटींनी दाबतो. पण ७८०९ला आत येणारा व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा किमान २ व्होल्ट जास्त लागतो. ९ व्होल्टच्याच अडॅप्टरमागे ७८०९ जोडून चमत्काराची वाट बघणारे बरेच दिसतात! १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असला तर प्रश्न नाही. मेन्सच्या वायरिंगची सवय नसेल तर हा तयारच घ्या.

स्विचिंग अडॅप्टर हलका, करंट भरपूर, आणि चांगला असेल तर १०० हर्ट्झची घरघर जवळपास नाहीच. त्याची खोड वेगळी: स्विचिंगची फ्रिक्वेन्सी कानापलीकडची असली, तरी डिलेच्या क्लॉकशी किंवा ७६६०सारख्या चार्ज पंपाशी (व्होल्टेज उलटा किंवा दुप्पट करणाऱ्या चिपशी) तिची गाठ पडली की बारीक चीं ऐकू येते. फझ-ओव्हरड्राइव्हसाठी मी हाच घेईन, डिलेसोबत आधी वाजवून बघेन.

आणि एकेकटं पेडल शांत, पण एकाच अडॅप्टरवर तीन जोडली की घरघर सुरू, असं असेल तर वरचं काहीच करू नका. तो ग्राउंड लूप: ऑडिओ केबलचं शील्ड आणि सप्लायचं ग्राउंड मिळून कडं तयार होतं. त्यावर फिल्टर चालत नाही, प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला आयसोलेटेड सप्लायच लागतो. पॉझिटिव्ह ग्राउंडचा (प्लस बाजू ग्राउंडला जोडलेला) जर्मेनियम फझ असेल तर त्याला स्वतंत्र आउटपुट हवंच, नाहीतर बाकीच्या पेडलांबरोबर सरळ शॉर्ट. अँपच्या प्लगची अर्थ पिन कापूनही लूप तुटतो, पण ती कापायची नाही. दोष आला तर विजेचा धक्का तारांमधून थेट तुमच्या हाताला बसेल.