ओबीडी स्कॅनर, आठ महिने वापरून: कोड काय सांगतो, बरणी काय सांगते

गेल्या जूनमध्ये आठशेच्या आतबाहेर मिळणारा ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मागवला. गाडीच्या पोर्टला लावला की तिच्या संगणकाने (ईसीयूने) नोंदवलेले बिघाडाचे कोड आणि आकडे तो फोनवर दाखवतो. गाडी २०१४ ची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, राहणं कराडला. तेव्हा गाडीला काहीच झालं नव्हतं, त्यामुळे "आलं नवीन खेळणं" अशी घरात टिंगल झाली. पण त्यामुळेच गाडी धडधाकट असतानाचे आकडे वहीत उतरवून ठेवले गेले. गरम इंजिन, आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू) लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक ४. ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी मारावं लागतंय, याचा ईसीयूने ठेवलेला हिशोब म्हणजे हा ट्रिम. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून ई२० वर (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिश्रण जमायला पेट्रोल थोडं जास्तच लागतं. चार-पाच टक्के वर दिसले तर घाबरू नका.

जुलैत चिपळूणहून कुंभार्ली घाटाने परत येताना वाटेतल्या एका पंपावर टाकी फुल केली. धो-धो पाऊस होता. घरी येईपर्यंत गाडी ठीक. सकाळी चावी मारली तर तीनदा ओरडून चालू झाली आणि आयडलला म्हशीसारखी अंग झाडायला लागली. पिकअप शून्य, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. हा दिवा नुसता पेटला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर बंदच करायची. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं.

स्कॅनर लावला. पी०३००, म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही) आहे पण एका सिलिंडरपुरता नाही. जोडीला पी०१७१, मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ट्रिम बघितला तर शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) अधिक २२, लाँग टर्म अधिक १५. मिस्त्री आले, ऐकल्या ऐकल्या म्हणाले, "चारी प्लग टाका, कॉइल पण बघू, इंजेक्टर साफ करून घेऊ." मला पटेना. प्लगला ठिणगी देणाऱ्या चार कॉइल एका रात्रीत कशा जातील?

मग २५०० आरपीएमवर धरून ट्रिम पाहिला. कुठून तरी फुकटची हवा ओढली जात असेल, व्हॅक्यूमची नळी वगैरे चिरली असेल, तर आयडलला आकडा चढलेला असतो आणि रेस दिल्यावर बराच उतरतो. इथे उतरला नाही, उलट वाढला. म्हणजे कमतरता पेट्रोलच्या बाजूची. तिथवर स्कॅनरने आणून सोडलं. पुढे टाकीतला पंप कमजोर, फिल्टर तुंबलेला की पेट्रोलच खराब, हे तो सांगत नाही. कुठलाच कोड "टाकीत पाणी आहे" असं म्हणत नाही.

ते सांगितलं लोणच्याच्या रिकाम्या बरणीने. इंजिन थंड करून, इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं (रेलचं) प्रेशर सोडून मिस्त्रींनी लाइनमधून नमुना काढला (हे घरी करू नका). अर्धा तास ठेवल्यावर दोन थर स्वच्छ दिसले. वर पेट्रोल, खाली गढूळसर. थोडं पाणी ई२० मध्ये मुरून जातं, पण मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉललाही सोबत घेऊन तळाशी बसतं. गारव्यात ही मर्यादा आणखी खाली येते. आणि टाकीतला पंप तळातूनच ओढतो. रात्री येताना ठीक, सकाळी बोंब, याचा उलगडा तिथे झाला. मागची सीट उचलून पंप काढला, टाकी रिकामी करून पुसली, फिल्टर बदलला, ताजं पेट्रोल घातलं. प्लग जुनेच ठेवले. दोन दिवसांत लाँग टर्म अधिक ६ वर आला.

पंपावर पावती घेऊन गेलो, फिल्टर पेपर मागितला. तो ग्राहकाचा हक्क आहे, दिलाही. त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेला, डाग नाही. पण त्या चाचणीत रॉकेल-डिझेलसारखी जड भेसळ उघडी पडते, पाण्यासाठी ती नाहीच. हे मला तिथे उभं असताना सुचलं नाही. दुसरी एक गंमत: पेट्रोलमध्ये पाणी घालून, बाटली हलवून "बघा, पाणी वाढलं" असं दाखवणारे व्हिडिओ फिरतात. ९० मिली ई२० मध्ये १० मिली पाणी घाला, खालचा थर पंचविशीच्या पुढे जातो. पंपवाल्याने काही केलेलं नसतं, इथेनॉल खाली उतरलेलं असतं. माझ्या बरणीत मी पाणी घातलेलं नव्हतं, फरक एवढाच.

नोव्हेंबरात पुन्हा तीच थरथर. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे मी थेट पंपाच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. स्कॅनरने गप्प केलं: पी०३०३, फक्त तिसरा सिलिंडर. ट्रिम जवळपास नेहमीचा. पेट्रोल खराब असतं तर एकट्या तिसऱ्याने काय पाप केलं होतं? तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली, कोड पुसला, चक्कर मारली. कोड पी०३०२ झाला. बिघाड कॉइलसोबत सरकला. एक कॉइल बदलली, काम संपलं.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो घ्या. बिघाडाच्या क्षणी आरपीएम, तापमान, लोड किती होतं ते तिथे साठवलेलं असतं आणि कोडबरोबर तेही पुसलं जातं. जुलैत मी उत्साहात ते घालवलं.

आता तक्रारी. ब्लूटूथ अधूनमधून तुटतं, नेमकं घाटात. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या फुकटच्या ॲपमध्ये दिसत नाहीत. आकडे सावकाश बदलतात, चार खिडक्या एकदम उघडल्या की आणखी सुस्त. आयफोनला हा साधा ब्लूटूथवाला जुळत नाही, वायफायचा किंवा बीएलईवाला (कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ) बघून घ्या. पोर्ट स्टिअरिंगच्या खाली असल्याने गुडघा लागतो. आणि लावून ठेवू नका: गाडी दहा दिवस उभी होती, स्कॅनर तसाच राहिला, बॅटरी बसली. ढकलायला शेजारचे दोघं आले तेव्हा त्यातल्या एकाने विचारलंच, "याचा कोड काय दाखवतंय?"