कार्ड सीमेपार पाठवायचंय: साधं पाकीट, पार्सल, ईबेचं केंद्र की भारतात निघालेल्या माणसाची बॅग?

अमेरिकेत राहून पोकेमॉनची, मॅजिकची किंवा क्रिकेटची कार्डं जमवणाऱ्या मराठी मंडळींपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. टोरांटोतल्या एका संग्राहकानं बारा डॉलरचं कार्ड घेतलंय, किंवा पुण्यातल्या भाच्याला दहा-बारा कार्डं द्यायचीत. पोस्टात जाऊन नेमकं काय मागायचं? कार्डाचं वजन जेमतेम १.८ ग्रॅम. पाठवणावळ मात्र दोन डॉलर लागेल की पंधराच्या वर जाईल, हे वजनावर ठरत नाही. आत 'कागदपत्रं' आहेत की 'वस्तू', यावर ते ठरतं. कार्ड छापील कागदाचंच असतं, पण विकलं किंवा बदल्यात दिलं की टपालाच्या लेखी ती वस्तू. सगळी गोची इथेच आहे.

माझं मत आधीच सांगते. स्वस्तातलं एकटंदुकटं कार्ड परदेशी पाठवू नये. तीच माणसं, तेच देश धरून कार्डं साठवावीत आणि एकदम पाठवावीत. भारताचा हिशेब वेगळा आहे, त्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय.

साधं पाकीट

अमेरिकेतल्या अमेरिकेत स्वस्त कार्डासाठी साधं पाकीट उत्तम. ईबेचं 'स्टँडर्ड एन्व्हलप' त्यासाठीच आहे, थोडंफार ट्रॅकिंगही मिळतं, पण ते देशाच्या हद्दीपर्यंतच. परदेशासाठी उरतो तो २०१३ साली आलेला गोल 'ग्लोबल फॉरेव्हर' स्टँप. एक औंसाचं, म्हणजे साधारण २८ ग्रॅमचं पत्र त्यावर जगात कुठेही जातं. जुलै २०२५च्या दरवाढीनंतर तो १ डॉलर ७० सेंटला झाला. टॉपलोडर, म्हणजे कार्डाची कडक प्लास्टिकची खोळ, घातला की पाकीट ताठ होतं, मशीनमधून वाकून जात नाही, म्हणून त्याचा अधिभार वेगळा. तरीही सगळं मिळून अडीच डॉलरच्या आत. मोह पडणारच.

पण जानेवारी २०१८पासून अमेरिकेच्या टपाल खात्यानं, म्हणजे यूएसपीएसनं, परदेशी जाणाऱ्या साध्या पत्रांत आणि मोठ्या लिफाफ्यांत फक्त कागदपत्रंच चालतील असा नियम केलाय. वस्तू असेल तर पार्सलचा दर आणि सोबत कस्टम्सचा फॉर्म. तरीही लोक साध्या पाकिटातून कार्डं पाठवतात आणि बरीच पोचतातही. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण या रस्त्यावर तुमच्या हातात काहीच राहत नाही. ट्रॅकिंग नाही, विमा नाही. समोरच्यानं 'मिळालं नाही' म्हटलं की दाखवायला पुरावा नाही. नियमाबाहेर पाठवलेलं पाकीट अडवलं किंवा परत आलं, तर तक्रार कुठल्या तोंडानं करणार? म्हणून विकलेलं कार्ड मी या रस्त्यानं परदेशी पाठवत नाही.

देशांतर्गत पाकिटासाठी एक गोष्ट मात्र नीट शिकून घ्या, ती पार्सलमध्येही कामी येते. कार्ड आधी पेनी स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, मग टॉपलोडरमध्ये. टॉपलोडरच्या तोंडावर निळी पेंटर्स टेप लावा आणि तिचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला नखानं ओरबाडावं लागत नाही. पारदर्शक चिकटपट्टी नको, तिचा चिकटा प्लास्टिकवर राहतो आणि सोडवताना कार्ड बाहेर ओढलं जातं. हे सगळं टीम बॅगेत, म्हणजे तोंड चिकटवता येणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, बंद करा. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात: टॉपलोडर दुमडलेल्या कागदाच्या मधोमध टेपनं पक्का बसवायचा. तो पाकिटात सुटा राहिला, तर रोलरमधून जाताना घसरत कोपऱ्यात जातो आणि पाकीट फाडून बाहेर पडतो. पोचतं ते नुसतं रिकामं पाकीट.

पार्सल

यूएसपीएसची 'फर्स्ट-क्लास पॅकेज इंटरनॅशनल' ही सेवा चार पौंडांपर्यंतच्या आणि ४०० डॉलरपर्यंतच्या मालासाठी आहे. खिडकीवर दर विचारला की नवखा माणूस दचकतो, कारण शेजारच्या कॅनडाला पाठवायचे सुद्धा पंधरा डॉलरच्या वर पडतात. बारा डॉलरच्या कार्डाला पंधरा डॉलरचं टपाल! सौदा तिथेच मोडतो.

आता दरपत्रकाकडे नीट बघा. पहिला टप्पा आठ औंसांचा आहे. एक कार्ड पाठवा किंवा आठ औंस भरून पाठवा, पैसे तेवढेच. आठ औंस म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम. साठ कार्डांचं वजन होतं ११० ग्रॅमच्या आसपास. स्लीव्ह, छोटा प्लास्टिकचा डबा, पुठ्ठे आणि बबल मेलर धरूनही ती या टप्प्यात बसवता येतात. पंधरा-सतरा डॉलर साठ कार्डांवर वाटले की कार्डामागे तीस सेंटही पडत नाहीत. त्यामुळे कॅनडातल्या किंवा इंग्लंडमधल्या एकाच माणसाशी नियमित देवाणघेवाण असेल, तर दोघांनी मिळून तीन-चार महिन्यांचा ढीग करावा. टॉपलोडर मात्र वजन खातात. ते दोन-तीन भारी कार्डांनाच वापरा, बाकीची स्लीव्हमध्ये घालून डब्यात घट्ट बसवा.

पार्सल इतकं महाग का, याचं थोडं कारण जिनिव्हात आहे. एका देशातून आलेलं टपाल दुसऱ्या देशानं वाटायचं, त्याबद्दल पहिल्यानं दुसऱ्याला पैसे द्यायचे, हा व्यवहार जागतिक टपाल संघ ठरवतो. चीनसारख्या देशांतून येणारी छोटी पाकिटं आपल्याला तोट्यात वाटावी लागतात, अशी अमेरिकेची तक्रार होती. २०१८ साली तिनं संघातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९मध्ये जिनिव्हात खास अधिवेशन झालं, आणि जुलै २०२०पासून अमेरिकेला आपला वाटणावळीचा दर स्वतः ठरवायची मुभा मिळाली. बदल्यात इतर देशांनाही अमेरिकेतून येणाऱ्या पाकिटांसाठी दर वाढवता आले. छोट्या संग्राहकाला कमी पैशांत काही पाठवता यायचं तो काळ तिथे मागे पडला, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ट्रॅकिंग काही देशांत शेवटपर्यंत दिसतं, काही ठिकाणी अमेरिका सोडली की गप्प होतं. पाठवण्याआधी त्या देशाचं विचारून घ्या.

फॉर्मवर 'छापील ट्रेडिंग कार्डं, ५८ नग' असं स्वच्छ लिहा आणि खरी किंमत टाका. 'भेट' लिहा म्हणून समोरचा गळ घालतो. पण विकलेलं कार्ड भेट नसतं आणि अदलाबदलीतलंही नसतं. शिवाय किंमत पाच डॉलर लिहून ऐंशीचा माल हरवला, तर विमा काढलेला असला तरी भरपाई पाचचीच मागता येते.

घेणाऱ्याच्या दारात काय लागतं

टपालखर्चापेक्षा जास्त भांडणं इथे होतात. कॅनडात टपालानं येणाऱ्या वस्तूला २० कॅनडियन डॉलरपर्यंत कर-शुल्क माफ आहे, खऱ्या भेटीला ६०पर्यंत. त्यावर गेलं की कराशिवाय कॅनडा पोस्टची ९.९५ डॉलर हाताळणी फी लागते. अमेरिकेतून कुरिअरनं पाठवलं तर करमाफी ४०पर्यंत आणि शुल्कमाफी १५०पर्यंत मिळते. वाचायला छान वाटतं, पण कुरिअरचं भाडं आणि कस्टम्स सोडवण्याची त्यांची फी मिळून ती सवलत बहुधा खाऊन टाकते.

व्हँकुव्हरकडच्या संग्राहकांनी यावर सरळ उपाय काढलाय. सीमेच्या अलीकडे, वॉशिंग्टन राज्यातल्या ब्लेन किंवा पॉइंट रॉबर्ट्सला पार्सल ठेवून घेणारी दुकानं आहेत. तिथला पत्ता घ्यायचा, गाडीनं जाऊन कार्डं न्यायची आणि परतताना सीमेवर जाहीर करायची. घेणारा असा पत्ता देत असेल, तर तुम्हाला देशांतर्गत दरानं, हवं तर विमा काढून पाठवता येतं. मला विचाराल तर कॅनडासाठी याहून चांगला रस्ता नाही.

इंग्लंडला १३५ पौंडांच्या आतल्या विक्रीवरचा व्हॅट २०२१पासून विक्रीच्या वेळीच गोळा होतो. ईबेसारख्या बाजारावर ते आपोआप होतं. परस्पर विकलंत तर जबाबदारी तुमच्यावर येते. भेटीला ३९ पौंडांपर्यंत सूट आहे, त्यापुढे रॉयल मेल कराबरोबर ८ पौंड फी लावते. युरोपीय संघात १ जुलै २०२१पासून स्वस्त मालाची करमाफीच गेली. ऑस्ट्रेलिया त्या मानानं मोकळा: १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत सीमेवर शुल्क नाही, जीएसटी मोठे बाजार विक्रीतच कापून घेतात.

अदलाबदल असेल तर उलटा रस्ताही मोजा. अमेरिकेत येणाऱ्या ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ रोजी थांबली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्यानंही २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बुकिंग पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी सोडून बंद केलं होतं. ते १५ ऑक्टोबरला शुल्क आगाऊ भरून घेण्याच्या पद्धतीनं सुरू झालं. म्हणजे तुम्ही सतरा डॉलरमध्ये पाठवलंत म्हणून समोरच्यालाही तेवढंच पडेल, असं धरून चालू नका. पाठवण्याच्या आठवड्यात दोन्हीकडचे दर आणि नियम पाहा.

ईबेचं केंद्र

२०२२ साली सुरू झालेल्या 'ईबे इंटरनॅशनल शिपिंग'मध्ये विकणाऱ्यानं माल इलिनॉयमधल्या ग्लेंडेल हाइट्सच्या केंद्रापर्यंत पाठवायचा. पुढचा प्रवास, कस्टम्स, हरवणं-मोडणं हे ईबेच्या अंगावर. घेणारा भाडं आणि कर खरेदीच्या वेळीच भरतो. विकणाऱ्याला याहून निर्धास्त काही नाही. घेणाऱ्याला मात्र महाग पडतं आणि स्वस्त कार्डाला तर परवडतच नाही. शंभर डॉलरच्या पुढचं कार्ड अनोळखी माणसाला विकताना मी हाच पर्याय निवडते. पीएसए या कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या जाड प्लास्टिकच्या खोळीतली ग्रेड केलेली कार्डं तर दुसऱ्या कशानं पाठवू नयेत. ती खोळ चिरली तर आतल्या कार्डाला ओरखडा नसला तरी भाव पडतो.

भारत

भारतासाठी माझा कौल स्पष्ट आहे: टपाल नको, जाणाऱ्याच्या हाती द्या. डिसेंबर २०१९पर्यंत पाच हजार रुपयांपर्यंतची भेट टपालानं शुल्काशिवाय जायची. ती सवलत काढून घेतली. आता सूट आहे ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला, आणि राखीसोबतच्या भेटवस्तूंना ती नाही असंही नियमात लिहिलंय. त्यामुळे राखीच्या पाकिटात भाच्यासाठी चार कार्डं सरकवायचा विचार करू नका, राखीही अडकून पडेल. बाकी भेटींना पूर्ण शुल्क भरायचं. पार्सल मुंबईला बॅलार्ड इस्टेटच्या विदेशी टपाल कार्यालयात तपासणीला थांबलं, तर भाच्याचा वाढदिवस उलटून जातो.

प्रवाशाच्या सामानाला ठरावीक मर्यादेपर्यंत शुल्क लागत नाही आणि मूठभर कार्डं त्यात सहज बसतात. डिसेंबरात आणि जूनमध्ये ओळखीतलं कुणी ना कुणी निघतंच. त्या काकांना किंवा वहिनींना आत काय आहे, किती किमतीचं आहे हे सांगा, डबा उघडून दाखवा, आणि तो चेक-इन बॅगेत न ठेवता हातातल्या बॅगेत ठेवायची विनंती करा. आधीच सोनं आणि लॅपटॉप घेऊन निघालेल्या माणसावर महागड्या कार्डांचा भार टाकू नका. विकायचा माल तर असा देऊच नये, विमानतळावर उत्तर त्यांना द्यावं लागतं.

मुंबईत उतरल्यावर पुढे सांगली, नाशिक, मडगाव जिथे जायचं तिथे स्पीड पोस्टनं पाठवायला सांगा. 'रजिस्टरनं पाठव' ही जुनी सवय आता सोडावी लागेल, कारण देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं. ज्यांच्या ओळखीत वर्षभर कुणी जाणारं नाही, त्यांनी आठ औंसांचं पार्सल करावं, शुल्काचे पैसे घरच्यांना आधी पाठवून ठेवावेत, आणि पत्त्याखाली घेणाऱ्याचा चालू मोबाईल नंबर ठळक लिहावा.