व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून घेतल्या : पहिल्या खेपेला रीमा लागू ओळखू येईनात

बाबा गेल्यावर कपाट आवरताना तीन व्हीएचएस कॅसेट निघाल्या. पाठीवर त्यांच्या अक्षरात ‘श्रीमान श्रीमती, पुसू नये’, ‘तू तू मैं मैं’ आणि ‘वास्तव, केबलवरून’. तिन्हींत रीमा लागू, हा योगायोग नाही. त्या युनियन बँकेत दहाएक वर्षं नोकरीला होत्या आणि बाबाही बँकेतले. बँक वेगळी, पण तेवढ्या आधारावर बाबा त्यांना ‘आमच्या खात्यातली’ म्हणायचे.

आमचा व्हीसीआर कधीच भंगारात गेला. आईला मात्र ह्याच कॅसेट बघायच्या होत्या, मधल्या जाहिरातींसकट. म्हणून दादर स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका दुकानात दिल्या. पुढे थोडी कुरकुर आहे, तेव्हा दुकानाचं नाव राहू दे.

दर असा : तीन तासांच्या कॅसेटला ४०० रुपये, बुरशी साफ करायचे १५० वेगळे, पेनड्राइव्ह आपला. काउंटरवरच्या मुलाने कॅसेटची झडप उचलून टेप उजेडाकडे धरली. कडेला पांढरी पूड होती. “ताई, ही अशीच लावली तर आमच्या मशिनचं हेड जाईल.” एका ठिकाणी टेप तुटली होती, ती जोडताना दोन-तीन सेकंद जातील, हेही त्याने पैसे घेण्याआधी सांगितलं. इथवर पैकीच्या पैकी मार्क. आठ दिवस सांगून अकरा लावले, ते मी धरत नाही.

घरी टीव्हीला लावलं. आईने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, “ही कोण गं?”

जुनं चौकोनी चित्र आताच्या लांबट पडद्यावर ताणून बसवलं होतं. सगळ्यांचे गाल फुगलेले, अर्चना पूरणसिंगसुद्धा ठेंगण्या. हे एक वेळ चाललं असतं. पण चित्रातले दाणे काढायला कसला तरी फिल्टर मारला होता, त्याने चेहरे मेणाचे झाले होते. डोळ्यांखालच्या, ओठांच्या कडेच्या रेषा गायब.

दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी गप्प बसले असते. ‘श्रीमान श्रीमती’त केशव शेजारच्या प्रेमाच्या मागे आणि प्रेमाचा नवरा दिलरुबा केशवच्या बायकोच्या, म्हणजे रीमाताईंच्या कोकीच्या मागे. जतीन कनाकिया, राकेश बेदी, अर्चना पूरणसिंग, तिघांची पट्टी वरची. कोकी तेवढी घरातल्या बाईसारखी बोलते, आणि त्या साध्या बोलण्यावरच बाकीच्यांचा विनोद उभा राहतो. नवऱ्याची थाप ऐकली की रीमाताई लगेच उत्तर देत नाहीत. आधी डोळे किंचित बारीक होतात, एक अर्धा श्वास जातो, मग वाक्य येतं. हसू त्या अर्ध्या श्वासाला येतं. फिल्टरने नेमका तोच पुसला होता. वाक्यं ऐकू येत होती, पण कोकी काही कळल्याशिवायच बोलतेय असं वाटत होतं.

पेनड्राइव्ह घेऊन परत दादर. मुलगा म्हणाला, “नॉइज काढलाय ताई, सगळ्यांना असंच आवडतं.” मी म्हटलं, मला दाणे चालतील, माणूस पाहिजे. आतून मालक काका बाहेर आले. चित्र न ताणता, फिल्टर न लावता पुन्हा करून देतो म्हणाले, आणि वरचे पैसे घेतले नाहीत. चार दिवसांत केलं. आता टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, तळाला एक थरथरती रेघ आहे, आवाजात खरखर आहे. पण कोकी परत आली.

‘तू तू मैं मैं’ची कॅसेट सर्वांत चांगली निघाली. सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन, सुप्रिया सून आणि रीमाताई सासू. कोकीचा संयम इथे औषधालाही नाही, आवाज चढलेला, हातवारे मोठे. दोन्ही मालिका १९९४ च्या सुमाराच्या. त्याच वर्षी ‘हम आपके हैं कौन’मधल्या त्या सोज्वळ आईही त्याच! मी आईला म्हटलं, बघ किती वेगळं करते. आई म्हणाली, “सासूचं काय घेऊन बसलीस? मी हिला ‘सविता दामोदर परांजपे’त झपाटलेली पाहिलीय. गडकरी रंगायतनहून रात्री घरी येताना तुझ्या बाबांचा दंड सोडला नव्हता मी.” नाटकाची कॅसेट नाही, याचं वाईट त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

हिंदीवाल्यांनी त्यांना आई करून टाकलं तेही किती लवकर. ‘कयामत से कयामत तक’ला जूही चावलाची आई, तेव्हा वय २९. पुढच्या वर्षी ‘मैंने प्यार किया’त सलमानची. ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची आई, आणि प्रत्यक्षात दोघांत जेमतेम एका वर्षाचं अंतर. पण पडद्यावर ते खटकत नाही. माझ्या मते याला कारण पांढरे केस नाहीत, बाईंचं बघणं आहे. मुलगा जेवत असताना त्या ताटाकडे बघतात, त्याच्याकडे नाही.

ही ‘वास्तव’ची कॅसेट मात्र अपुरी निघाली. जाहिरातींसकट सिनेमा तीन तासांत मावला नाही, आणि आई मुलावर गोळी झाडते त्याच्या थोडं आधी टेप संपते. मला वाटलं दुकानाकडून राहिलं. काकांनी मशिनवर लावून दाखवलं, पुढे टेपच नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, “दुसरी कॅसेट होती की टेबलावर, कोरी. लावलीच नाही त्यांनी. उठून गॅलरीत गेले.”

तुम्ही कॅसेट देणार असाल तर ‘चित्र ताणू नका, फिल्टर नको’ हे पावतीवर लिहून घ्या. आणि हो, शेवट नाही म्हणून तिसरीचे थोडे कमी करा म्हटलं, तर काकांनी पूर्ण ४०० घेतले. मशीन शेवटच्या इंचापर्यंत चाललं होतं म्हणे.